केबिनमागची कुलूपबंद घरं

एकोणतीस वर्षं मी लोकांच्या दारावर रंगानं आकडे टाकले. त्यामुळे निमोण्यात अजूनही दोन-चार म्हातारे मला पेंटर समजतात, आणि घराला रंग द्यायचा झाला की निरोप पाठवतात. आता त्यांना काय सांगायचं! आमचे आजोबा मेंढरांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देत, कुणाची कोणती ते कळावं म्हणून. मी घरांच्या दारावर दिला. आई म्हणायची, "धंदा तोच हाय तुजा, फक्त मेंढरं हालत व्हती, घरं हालत न्हाईत." तिला कोण सांगणार की माझ्या ठिपक्यानं घरंही हलायची.

दिवाळी अंकवाल्या मंडळींनी मला नोकरीतल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की पुन्हा पुन्हा एकच घर डोळ्यांपुढं येतं. तेव्हा गंमत थोडी आणि हे घर जास्त, असंच होणार. ऑफिसचं नाव मात्र लिहीत नाही. जी चूक झाली ती माझी होती, ऑफिसची नव्हे.

आधी कामाबद्दल सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं सर्व्हे म्हणजे टेप धरायची आणि आकडा लिहायचा. एखादी जुनी वस्ती सुधारायची ठरली, रस्ता, गटार, नळ आणायचं ठरलं, की पहिल्यांदा तिथं आम्ही जायचो. घराची लांबी-रुंदी घ्यायची, नकाशावर मांडायचं, दारावर नंबर टाकायचा आणि फॉर्म भरायचा. राहतं कोण, किती वर्षं, पुरावा काय. रस्त्याच्या आड येणाऱ्या राहत्या माणसाला त्याच वस्तीत नवी खोली मिळायची. न राहणाऱ्याला काही नाही. म्हणजे 'राहतो' की 'राहत नाही' हे त्या फॉर्मवर लिहिणारा माणूस तेवढ्यापुरता देवच. मला ते फार उशिरा कळलं.

लोक या देवाला फसवायचा प्रयत्न करायचे, हेही खरं. दौंडातच एका बाप-लेकानं एका खोलीत मधोमध लुगडं बांधून दोन चुली मांडल्या होत्या, दोन बिऱ्हाडं दाखवायला. मी गेलो तेव्हा दोघं असे कडाकडा भांडले की मीच मध्ये पडलो आणि दोन फॉर्म भरले. पुढं दोन महिन्यांनी गेलो तर दोघं खरंच वेगळे झाले होते. भांडणात कुणी काय बोललं ते कुणाच्या मनातून जाईना. म्हाताऱ्याला मी म्हटलं, "आप्पा, आता तरी लुगडं सोडा." तर म्हणाला, "सायेब, आता भिंत बांदायचीय." असले अनुभव आले की माणूस संशयी होतो. समोरचा खरं बोलत असला तरी आपल्याला लुगडंच दिसतं. ही सबब म्हणून सांगत नाही, पण तसा मी झालो होतो.

दोन हजार सालाच्या आगेमागे दौंडच्या स्टेशनमागचं काम माझ्याकडं आलं. दौंड तुम्ही गाडीतून पाहिलं असेल, म्हणजे फलाट पाहिला असेल. स्टेशनचं तोंड गावाकडं, बाजारपेठ त्या अंगाला, रिक्षा त्या अंगाला. पाठीमागच्या अंगाला, रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनच्या पलीकडं, एक वस्ती होती. तिला केबिनमाग म्हणत. 'कुठं राहता?' 'केबिनमाग.' पत्ता संपला. बरीचशी घरं बौद्ध समाजाची, बाकी आमच्यासारखे चार गावांहून पोटामागं आलेले. मधोमध पत्र्याचा छोटा विहार आणि त्यापुढं वस्तीतली एकमेव फरशी, तीही सारखी धुतलेली. माणसं हमाली करायची, गाडीत चहा विकायची, यार्डात ठेकेदाराच्या हाताखाली डबे धुवायची. स्टेशन उशाला, पण स्टेशनात जायला वाट नाही. रूळ ओलांडायचे, नाही तर फाटकावरून मैलभर वळसा. मालगाडी उभी असली की पोरं दप्तरासकट डब्याखालून वाकून शाळेत जायची. मी स्वतः पाहिलंय.

त्यामुळे योजना चांगली होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. स्टेशनचा पूल पुढं वाढवून वस्तीत उतरवायचा. पुलाच्या पायथ्यापासून मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना गटारं, नळ, संडास. रस्त्यात जाणाऱ्यांसाठी तिथंच पक्क्या खोल्या. कुणाला गावाबाहेर फेकायचं नव्हतं. मी असल्या पाच-सहा योजनांत काम केलं, त्यात ही सगळ्यात शहाणी.

माझ्याबरोबर बाबूमामा होते. कवठे येमाईचे, ऑफिसात शिपाई, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. टेपचं दुसरं टोक आणि रंगाचा डबा त्यांच्याकडं. बोलणं कमी. मी रोज निमोण्याहून एसटीनं यायचो. दौंडात उतरून चहा घेईपर्यंत अकरा वाजायचे. अकरा ते तीन काम, मग परतीची गाडी. ती चुकली की न्हावऱ्याच्या फाट्यावर ताटकळत बसायचं, म्हणून तीननंतर मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

केबिनमाग पुष्कळ दारांना कुलूप. नियम असा की कुलूप दिसलं तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, शेजाऱ्याला विचारायचं, आणि तिन्ही वेळा कुलूप असलं तर नंबराखाली 'बंद' लिहायचं. बंद म्हणजे तिथं कुणी राहत नाही, जागा नुसती अडवून ठेवलीय. मी नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी गेलो. तिन्ही दिवशी बारा-साडेबारालाच गेलो, पण नियमात दिवस वेगळे होते, वेळा वेगळ्या कुठं लिहिल्या होत्या? शेजाऱ्यांना विचारलं. शेजारी हळू आवाजात म्हणायचे, "न्हाईत घरी." मी ते फॉर्मवर लिहून खाली सही घ्यायचो.

पुलाच्या पायथ्याशी ओळीतलं पहिलंच घर होतं. पत्र्याचं, पण पुढं शेणानं सारवलेलं. त्याच्या दारावर बाबूमामांनी 'बंद' लिहायला ब्रश उचलला आणि थांबले. म्हणाले, "साहेब, कुलूप चकाकतंय. रोज हात लागतोय याला." मला तीनची गाडी दिसत होती. मी म्हटलं, मामा, कुलूप बघायला सरकारनं पाठवलं नाही आपल्याला, लिहा. त्यांनी लिहिलं.

यादी लागली आणि हरकती घ्यायची मुदत सुरू झाली. गावातल्या एका शाळेच्या खोलीत मी टेबल टाकून बसलो होतो. तिथं एक दिवस यशोदाबाई आल्या. पस्तिशीच्या, भुसार दुकानात धान्य निवडायचं काम, केसांवर धान्याची धूळ. त्या पहिल्या घराच्या. रेशनकार्ड गावाकडचं, मतदार यादीत नाव गावाकडं, म्हणजे माझ्या फॉर्मशिवाय या बाईला दौंडात कसलाच आधार नव्हता. आम्ही दोघं नवरा-बायको तिथंच राहतो म्हणाल्या. मी विचारलं, मग तीन दिवस घराला कुलूप कसं?

"कुलूप हाय म्हंजी मानूस आत हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "मालक रातपाळीला डबं धुत्यात. सकाळी येऊन झोपत्यात. दार मोकळं दिसलं की लोक हाका मारत्यात, पोरं धडका देत्यात. म्हनून बाहेरनं कुलूप घालून कामाला जायचं. आमच्यात समद्यांचंच आसं हाय."

खोलीत दहा-बारा लोक होते. मला लुगडं दिसलं. मी म्हटलं, माणसाला कोंडून कुलूप लावायचं हे मी पहिल्यांदाच ऐकतोय, उद्या सकाळी दहाला नवऱ्यालाच घेऊन या. त्या म्हणाल्या, दहाला ते झोपतात. मग मी जे बोललो ते लिहायला हात रेटत नाही, पण लिहितो. मी म्हटलं, "सकाळी दहाला झोपणारा नवरा नशीबवानच म्हणायचा." लोक हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की तुम्हीच येऊन बघा, मी कुलूप काढून दाखवते. मी उद्या येतो म्हटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आता यातली खरी शरम ऐका. त्याच वेळी निमोण्यात माझ्या घरात बहिणीचा मुलगा झोपलेला होता. रांजणगावच्या एका कंपनीत होता, थर्ड शिफ्टला. सकाळी कंपनीची बस सोडायची, न्याहारी करून तो जो पडायचा तो चारपर्यंत. आम्ही घरातली माणसं कुजबुजत बोलायचो. त्याला कुणी विचारायला आलं की माझी बायको दारातूनच सांगायची, "न्हाई बाई घरी." माझ्या स्वतःच्या घरात हे रोज घडत होतं, आणि केबिनमागच्या शेजाऱ्यांचं 'न्हाईत घरी' मी सहीशिक्क्यानिशी पुरावा म्हणून लावत होतो. अक्कल म्हणतात ती कुठं गहाण पडली होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. नकाशे घेऊन पुण्याला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी आणखी काही निघालं. मग विसरलो. विसरलो याला दुसरा शब्द नाही. मुदत संपली, यादी पक्की झाली, दारांवर नोटिसा लागल्या. यशोदाबाईंच्याही दारावर लागली. त्यांनी ती वाचून घेतली आणि शेजारणीला सांगितलं की साहेब स्वतः बघायला येणार म्हणालेत, तोवर काही होत नाही. हे मला नंतर कळलं. माझ्या एका तोंडदेखल्या शब्दावर ती बाई निश्चिंत कामाला जात होती.

पाडायला सुरुवात झाली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. मशीन आलं, पोलीस आले. आमची पद्धत अशी की बंद घरं आधी घ्यायची, कारण त्यात भांडण नसतं. आणि ओळीत पहिलं घर कोणतं, तर तेच. लोकांना दोरीमागं उभं केलं होतं. बायका ओरडत होत्या, पण पाडापाडीच्या दिवशी बायका ओरडतातच, मशीनच्या आवाजात शब्दही कळत नव्हते. मी त्या बाजूला पाहिलंच नाही. मी यादीवर बोट ठेवलं आणि ड्रायव्हरला हात केला.

मशीननं छपराच्या कोपऱ्यातले दोन पत्रे उचलले. तेवढ्यात बाबूमामा दोरीकडून धावत आले, हातातला डबा फेकला आणि मशीनपुढं आडवे उभे राहिले. अठ्ठावन्नच्या घरातला माणूस, दोन्ही हात पसरून. दाराकडं बोट दाखवत म्हणाले, "आत हाय. मानूस आत हाय."

किल्ली यशोदाबाईंच्या कमरेला, त्या दुकानात. मी तिथलाच एक दगड घेतला आणि कुलपावर घालायला लागलो. किती घाव घातले ते आठवत नाही, बोटं फुटली तेवढी आठवतात. कोयंडा उखडला, दार आत गेलं.

उघड्या छपरातून ऊन सरळ अंथरुणावर पडलं होतं. एक किडकिडीत माणूस उठून बसला होता, डोळ्यांवर हात धरून. तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले, रात्रभर पाण्यात आणि अॅसिडात उभं राहून होतात तसे. अंगावर पत्र्याचा गंज पडलेला. मी दारात, हातात दगड, काखेत फायली. त्याला वाटलं मी ठेकेदाराचा माणूस आहे आणि त्याला उशीर झालाय. तो चाचपडत शर्ट शोधायला लागला.

"उठलो, साहेब," तो म्हणाला. "उठलो. निघतोच."

मला तिथंच रडू आलं. लाज कशाला वाटून घ्यायची, आलं ते आलं. बाबूमामांनी त्याला धरून बाहेर आणलं, विहारापुढच्या फरशीवर बसवलं, कुणी पाणी दिलं. एकनाथ त्याचं नाव. घडलं काय ते त्याला समजायला बराच वेळ लागला, आणि समजल्यावर तो वळून वळून त्या मोडक्या दाराकडं बघायला लागला. दुकानातून यशोदाबाई धावत आल्या. आधी नवऱ्याला चाचपून पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता मारतील, आणि मारायला हवं होतं.

"तुमी बघाया येनार व्हता," त्या म्हणाल्या.

काम त्या दिवशी थांबलं. आमचे वरिष्ठ मनानं चांगले होते. त्यांनी मला सांभाळून घ्यायचं ठरवलं. अहवालात 'तांत्रिक त्रुटी' लिहा म्हणाले, त्रुटी कुणाचीच नसते. माझी बढती तोंडावर होती. दोन दिवस मी तो कागद कोरा घेऊन बसलो होतो, हेही लपवत नाही. तिसऱ्या दिवशी भाचा कामावरून येऊन झोपला होता. बायकोनं त्याच्या खोलीचं दार लोटलं आणि मला तोंडावर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली. त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी लिहिलं. बाईनं सांगितलं होतं, मी गेलो नाही, सगळी बंद घरं मी एकाच वेळेला पाहिली, ती पुन्हा पाहावीत. बढती चार वर्षं मागं गेली. जायलाच हवी होती.

फेरसर्व्हे मी आणि बाबूमामांनीच केला, संध्याकाळी सहाला. काय सांगू तुम्हाला! तीच वस्ती, पण मी ओळखली नसती. एकाही दाराला कुलूप नाही. चुली पेटलेल्या, माणसं आंघोळी करून डबे भरून घेत होती, बाप पोरांना खांद्यावर घेऊन दहा मिनिटं खेळवत होते, कारण त्यांना तेवढीच मिळायची. मी 'बंद' लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक दारात माणूस उभा होता. कुणी शिव्या दिल्या नाहीत. चहा दिला. नऊ-दहा कप झाले असतील, एकालाही नाही म्हणवेना. बाबूमामा ओल्या फडक्यानं 'बंद' पुसत होते. रंग पक्का होता, नीट निघत नव्हता, तर दारावरचा तेवढा भाग त्यांनी खरडून काढला. सगळ्यांची नावं यादीत आली. यशोदाबाईंना नवी खोली मिळाली, रस्त्याला लागूनच, पुलाच्या तोंडाशी.

पुढं पूल उतरला. पोरं पुलावरून शाळेत जायला लागली. नळाला पाणी आलं, गटारं झाकली गेली, रिक्षा स्टँड आला, दोन हॉटेलं आणि एक दवाखाना आला. माझ्या नोकरीत माझ्या हातून एवढं मोठं बरं काम दुसरं झालं नाही. कुणी विचारलं तर मी दौंडचं नाव अभिमानानं सांगतो, आणि सांगताना आवाज जरा खाली येतो.

निवृत्तीनंतर एका लग्नाला दौंडला गेलो होतो. दुपारचा वेळ होता, पाय आपोआप पुलावर वळले. माफी मागायची राहिली होती. त्या दिवशी रडलो होतो, कागदावर लिहून दिलं होतं, पण एकनाथरावांना तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. पुलावरून उतरलो तर खोली समोरच. दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात यशोदाबाई सूप घेऊन धान्य निवडत बसलेल्या. केस पिकलेले. रिक्षा आली की त्या नुसता हात वर करायच्या. रिक्षावाला इंजिन बंद करून गाडी तशीच ढकलत पुढं न्यायचा. सगळ्यांना सवय झालेली दिसली.

मी जवळ गेलो. त्यांनी ओळखलं, सरकून जागा दिली. हळू आवाजात मुलांबाळांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. आत अंधारात एकनाथराव झोपलेले दिसत होते, भिंतीकडं तोंड करून. दुकान सोडलं का, मी विचारलं. तर म्हणाल्या, कुलूप लावलं की त्यांना झोप लागत नाही, त्या दिवसापासून. मध्येच उठून दार ढकलून बघतात. आणि उघडं ठेवलं तर रस्ता हा असा. मग मीच बसते इथं, दुकानदार धान्य घरी देतो.

किती वर्षं झाली हे मी मनात मोजलं आणि मोजायचं सोडून दिलं. ते उठेपर्यंत थांबावं असं वाटत होतं, पण लग्नघरची गाडी निघायची होती. उठलो आणि म्हटलं, "जागे झाले की सांगा, सर्व्हेवाले भाऊसाहेब येऊन गेले. त्यांची माफी मागायला आले होते."

त्यांनी सुपातला हात थांबवला. माझ्याकडं पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता. एकदा आत बघून घेतलं.

"ते नगं सांगाया, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव निघालं की दोन-दोन दिस झोपत न्हाईत."